आबा मालिकेत वारले तेव्हा

माझे वडील चौतीस वर्षं बसचे कंडक्टर होते आणि त्यानंतर अडीच वर्षं नट. कंडक्टर व्हायला त्यांना परीक्षा द्यावी लागली, मुलाखत झाली, डोळे तपासले गेले. नट ते चहा पिता पिता झाले.

आमचं घर सोनगीरला, किल्ल्याच्या पायथ्याशी. निवृत्त झाल्यावर आबा रोज सकाळी किल्ला चढून यायचे आणि उतरल्यावर हायवेलगतच्या टपरीवर एक चहा घ्यायचे. मी धुळ्याला शाळेत शिकवते. त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत माहेरी गेले होते, तेव्हाच गावात एका मालिकेचं युनिट आलं. मालिकेची नायिका सासर सोडून निघते आणि भरकटत खानदेशात येते, असे काही भाग होते. एरवी ही मालिका नाशिकजवळच्या एका बंगल्यात चित्रित व्हायची. हा एक आठवडा तेवढा बाहेरचा.

मी मालिका बघत नसे, आणि बघत नाही हे शिक्षकांच्या खोलीत सांगायलाही मला आवडायचं. आमच्या मायचं मात्र उलट. संध्याकाळी साडेसातच्या आत भाकरी थापून, तवा उतरवून, हात पुसत ती टीव्हीसमोर बसलेली असायची. या मालिकेत नायिकेच्या चुलतसासूचं काम एक ज्येष्ठ अभिनेत्री करत होत्या. सेटवर सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचे, मीही तेच म्हणते. माय त्यांना वीसेक वर्षं वेगवेगळ्या मालिकांत पाहत आली होती. कधी त्या खाष्ट सासू असत, कधी डॉक्टर, कधी मंत्र्याची आई. मायचं मत पक्कं होतं. “बाकीन्या नुसत्या डोया पुसतस,” ती म्हणायची. “हाई बाई खरी रडस.”

तर त्या दिवशी आबा टपरीवर बसलेले, मी पिशवी घेऊन बघ्यांच्या गर्दीत उभी. टपरीवरच्या म्हाताऱ्याचं काम करायला जो कलाकार येणार होता, त्याची गाडी वाटेत बंद पडली होती. ऊन चढत होतं. केसांत पेन्सिल खोचलेली एक मुलगी, बहुतेक दिग्दर्शकाची मदतनीस, इकडेतिकडे बघत आबांपाशी आली.

“काका, दोन वाक्यं म्हणाल का?”

“कोणाला म्हणायची?” आबांनी विचारलं.

तिने नायिकेकडे बोट दाखवलं आणि हातात कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, ‘आरं पोरी, कुठं निघालीस येकटी? ह्यो रस्ता लई वंगाळ हाय.’ आबांनी ते दोनदा वाचलं.

“ताई, आमच्याकडे असं कोणी बोलत नाही.”

“मग कसं बोलतात?”

आबांनी नायिकेकडे नीट पाहिलं. तिच्या चेहऱ्याला धूळ लावलेली होती, पण चार तास उन्हात उभी राहून ती खरंच थकली होती. आबा बाकावर थोडे सरकले, रिकामी झालेली जागा उपरण्याने पुसली आणि म्हणाले, “माय, एकटी कोठे चालनी? बस आठे. पहिले पानी पी, मंग सांग.”

नायिका बसली. कॅमेरा सुरू नव्हता, तिला कुणी बस म्हटलं नव्हतं, तरी ती बसली. छत्रीखाली बसलेला दिग्दर्शक उठून आला आणि म्हणाला, “हेच घ्या.”

तो प्रसंग तीन बाजूंनी तीनदा घेतला. आबा तिन्ही वेळा तितकेच सरकले, तसंच बाक पुसलं. दिग्दर्शकाने विचारलं, “आधी कुठे काम केलंय?”

“काम नाही. पण चौतीस वर्षं लोकांना सरकून बसायला सांगतोय.”

ते दृश्य लागलं त्या संध्याकाळी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. साडेसातच्या मालिकेत आपली अहिराणी आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. गल्लीतल्या बायका एकदम गप्प झाल्या, जणू घरातलंच कुणी भिंतीपलीकडून बोललं. मायने आबांकडे फारसं बघितलंच नाही. तिने विचारलं, “त्या पोरनी पानी पिधं का खरंच?” आबांनी पिधं म्हणून सांगितल्यावर तिचं समाधान झालं.

महिनाभराने नाशिकहून फोन आला. मालिकेत बाईंचा नवरा आजवर नुसता बोलण्यात यायचा, तो शेतीवर असतो असं सांगितलं जायचं. आता त्याला घरी आणायचं ठरलं होतं, आणि तो खानदेशचा असणार होता. आबा फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले.

“तुना आवडती बाईना नवरा व्हनं शे,” ते मायला म्हणाले. “तुले चाली का?”

माय भाजी चिरत होती. तिने विळी बाजूला सारली, थोडा विचार केला.

“व्हा,” ती म्हणाली. “पन तिले तरास देऊ नका.”

मग आबांचं नाशिकला जाणं-येणं सुरू झालं. महिन्यातले बारा-पंधरा दिवस ते तिकडे असायचे. बसनेच जायचे, आणि ओळखीचे कंडक्टर नको नको म्हणत असताना तिकीट काढायचे. प्रसंगाचे कागद सकाळी सेटवर हातात पडत. छपाई बारीक, म्हणून आबा सगळे संवाद एका वहीत मोठ्या अक्षरांत उतरवून घेत आणि तोंडातल्या तोंडात म्हणत बसत. मिशी कापायची नाही, वजन वाढवायचं नाही, अशी बंधनं होती. पुतण्याच्या लग्नात ते दाढीचे खुंट तसेच ठेवून बसले होते, कारण मालिकेत त्या आठवड्यात ते आजारी होते.

मे महिन्यात एकदा मी त्यांच्याबरोबर सेटवर गेले. खरं सांगायचं तर थोडी हसायलाच गेले होते. मालिका म्हणजे तेच तेच, नटून-थटून एकमेकींकडे डोळे वटारणं, असं माझं ठाम मत. त्या दिवशी सकाळी सातला काम सुरू झालं. एका खोलीत पंचवीस माणसं, वर दिव्यांची धग, आणि आवाज नोंदला जातो म्हणून पंखे बंद. दिव्यांवाले, कॅमेरावाले, कपडे सांभाळणारी बाई, कुणीही बसलेलं नव्हतं. दुपारपर्यंत त्यांनी जे केलं ते टीव्हीवर पाच मिनिटांत संपणार होतं.

नायिकेचा रडण्याचा प्रसंग होता. मुलगी कोवळी, बावीस-तेवीसची, आणि आदल्या दिवशी तिला ताप होता. कॅमेरा फक्त तिच्या चेहऱ्यावर होता. बाई त्या चौकटीत नव्हत्याच. अशा वेळी मोठे कलाकार आपल्या खोलीत जाऊन पडतात आणि त्यांची वाक्यं कुणीतरी मदतनीस वाचून दाखवतो, असं आबांनी मला कुजबुजत सांगितलं. पण बाई गेल्या नाहीत. त्या कॅमेऱ्याशेजारी उभ्या राहिल्या आणि आपली वाक्यं त्यांनी अशी म्हटली, जणू सगळे दिवे त्यांच्यावरच आहेत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते कुठेही दिसणार नव्हतं, कुणी नोंदवणार नव्हतं. एकदा, दोनदा, पाच वेळा. पाचव्यांदा त्या मुलीला खरं रडू फुटलं. दिग्दर्शक ‘कट’ म्हणाला तेव्हा बाईंनी पदराने स्वतःचं तोंड पुसलं, मुलीच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, “हिला आधी जेवायला द्या.”

मी त्या दिवसापासून मालिकांना हसणं सोडलं. पाहायला लागले असं नाही, पण हसणं सोडलं.

आबांनाही बाईंनीच शिकवलं. चालत येऊन नेमक्या जागी थांबायचं हे नव्या माणसाला जड जातं. आबांना ते पहिल्या दिवसापासून जमलं, कारण धावत्या बसमध्ये पाय रोवून उभं राहायची सवय. त्यांची अडचण वेगळी होती. समोरचा पूर्ण बोलून होईस्तोवर ते थांबत, मग सावकाश बोलत. भांडणाच्या प्रसंगात हे चालेना. बाईंनी विचारलं, “आबा, घरीही असेच थांबता का?”

“घरी मला बोलायची पाळीच येत नाही,” आबा म्हणाले. बाई इतक्या हसल्या की मेकअप पुन्हा करावा लागला.

भाषेचाही प्रश्न निघाला. अहिराणी सगळ्या महाराष्ट्राला कळणार नाही, असं वाहिनीच्या लोकांचं म्हणणं पडलं. त्यावर बाईंनी एक तोड काढली. आबांनी आपल्या बोलीत बोलावं आणि बाईंनी आपलं उत्तर असं द्यावं की ऐकणाऱ्याला त्यातून आबांचं म्हणणं आपोआप उमगेल. आबा म्हणणार, “मना चष्मा कोठे शे?” आणि बाई म्हणणार, “चष्मा कपाळावर आहे तुमच्या.” लिहिणाऱ्यांनी लिहिलेली वाक्यं ती दोघं मेकअपच्या वेळी अशी जुळवून घेत. त्यासाठी बाई आमची बोली शिकल्या. आबांना पुन्हा पुन्हा विचारत, ‘बठ्ठा’ म्हणजे सगळा ना, मग सगळ्या बायका म्हणजे ‘बठ्ठ्या’ का. पुढे पुढे तर पुण्या-मुंबईची माणसं आबांना भेटली की ‘कसं शे आबा’ विचारायची.

आबांची ओळख वाढली तशी त्यांना ऐकून घ्यावं लागणारं दुःखही वाढलं. साक्रीच्या बाजारात एकदा मी बरोबर होते. कांदे विकणारी एक बाई पाटी सोडून उठून आली आणि आबांचा हात धरून म्हणाली की तुमच्या सुनेला सांगा, माहेरी जाऊ नको, मी गेले होते आणि मग परतीचा रस्ताच राहिला नाही. आबांनी मान हलवली. “सांगतो,” म्हणाले.

पुढे गेल्यावर मी म्हटलं, “आबा, ती मालिका आहे हे तिला सांगायचं ना.”

“तिला ते माहीत आहे,” आबा म्हणाले. “तिला तिचं सांगायचं होतं.”

मायचा आणि बाईंचा संबंध त्या काळात आबांच्या पिशवीतून चालायचा. माय बिबडे पाठवायची, ज्वारीचे, तळले की फुलणारे. बाई डबा परत पाठवताना त्यात काहीतरी घालायच्या, कधी मनुका, कधी एखादी चिठ्ठी. मालिकेत बाईंनी आबांना साखरेचा चहा दिला की माय दुसऱ्या दिवशी फोन करून आबांना झापायची, कारण आबांना मधुमेह आहे. बाईंना हे कळलं. त्यानंतरच्या एका भागात चहा देता देता त्या आपणहून म्हणाल्या, “बिनसाखरेचा आहे.” ते वाक्य कुणी लिहिलेलं नव्हतं. ते आमच्या स्वयंपाकघरासाठी होतं. माय तेव्हा लाजली. तिला असं लाजताना मी कधी पाहिलं नव्हतं.

अडीच वर्षं झाली. मग एके दिवशी आबा नाशिकहून आले, हातपाय धुतले, जेवले, आणि बडीशेप चघळत म्हणाले की मालिकेत त्यांना मरायचं आहे. कथा वीस वर्षं पुढे जाणार होती. म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी जायला हवं होतं. त्याआधी, मालिकेतल्या नातीच्या हळदीच्या दिवशी, त्यांचं हृदय थांबणार होतं.

माय म्हणाली, “मरा नाटकमा. त्यामा काय.”

आबा म्हणाले, “भिंतीवर फोटो लावतीन. हार घालीसन.”

माय उठून आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मी त्या शनिवारी तिथेच होते. मी आत गेले तर ती धुतलेलीच भांडी पुन्हा धूत होती.

“मना घरधनी जित्ता शे,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “नि त्याना फोटोले हार? रोज साडेसातले मी तो हार देखू?”

मी समजावून पाहिलं. टीव्हीवर किती नट किती वेळा मरतात, सगळं सांगितलं. ती म्हणाली, “दुसरास्ना नवरा शेतस ते.” मी फडकं घेऊन भांडी पुसायला लागले.

आबांची पंचाईत झाली. नोकरीत त्यांनी कधी ड्यूटी नाकारली नव्हती, आणि या लोकांनी तर त्यांना मानाने वागवलं होतं. आपल्या बायकोला हार खपत नाही, असं कुठल्या तोंडाने सांगणार? शेवटी मीच त्या पेन्सिलवाल्या मुलीला फोन केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि खरं तेच सांगितलं. पाहणाऱ्याला एका क्षणात कळावं लागतं, ताई. कुणी एक भाग चुकवला तरी फोटो पाहिला की समजतं. सगळीकडे तसंच करतात. तिचं चूक नव्हतं. मी फोन ठेवला आणि आबांना म्हटलं, जाऊ द्या.

तीन दिवसांनी, दुपारी दोनच्या सुमारास आमच्या दारात एक पांढरी गाडी थांबली आणि तिच्यातून बाई उतरल्या. साधी सुती साडी, पायांत चपला, केस नुसते मागे बांधलेले. जळगावला एका साड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला त्या निघाल्या होत्या आणि धुळ्याहून वाट वाकडी करून सोनगीरला आल्या होत्या. आबा त्या वेळी शेतावर गेले होते. मला शाळेला सुटी होती म्हणून मी घरी. माय चुलीपुढून उठली, पदर सारखा केला आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

“मी तुमच्याकडे जेवायला आलेय,” बाई म्हणाल्या. “बिबडे फार झाले, आता भाकरी वाढा.”

मायने कळण्याची, म्हणजे उडीद घालून दळलेल्या ज्वारीची, भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. बाई आत स्वयंपाकघरातच पाटावर बसल्या, दीड भाकरी खाल्ली. बाहेर तोपर्यंत अर्धं गाव जमलं होतं. मी दार लोटून घेतलं. हात धुऊन झाल्यावर बाई तिथेच पुन्हा बसल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या मुलीने फोन केला होता, ते मला कळलं.”

मायने ताट उचलून बाजूला ठेवलं.

“माझे मिस्टर असताना मी पडद्यावर पाच वेळा विधवा झाले,” बाई म्हणाल्या. “पहिल्या वेळी आमच्या सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मला राग आला होता. म्हटलं, काम आहे हे माझं, यांना कसं कळत नाही. पुढे मिस्टर खरंच गेले. तेराव्यानंतर त्याच सासूबाई मला म्हणाल्या, तू कामाला जा, तिथे तुला कुंकू लावता येईल.”

मग मायने हात लांब केला आणि बाईंच्या गुडघ्यावर ठेवला. बाईंनी त्यावर आपला हात ठेवला. दोन अनोळखी बायका, आणि अनोळखी तरी कसं म्हणू.

काही वेळाने बाईंनी विचारलं, “मला एक सांगा. तुमच्याकडे घरातलं माणूस गेलं की काय करतात? फोटोचं सोडा. खरं काय करतात?”

माय आठवून आठवून सांगू लागली. ती शक्य तितकी शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होती आणि मध्येच आपल्या बोलीत घसरत होती. तिचे सासरे गेले तेव्हा त्यांची टोपी आणि टॉवेल खुंटीवर होते. ते कुणी काढले नाहीत. वर्ष गेलं, तरी नाही. घर सारवताना, रंग देताना सगळे तेवढा कोपरा सोडायचे. “फोटो मंग लावतस,” माय म्हणाली. “पहिले बठ्ठा त्या टोपीकडे देखतस.”

बाईंनी ते तिच्याकडून दोनदा ऐकलं. टोपी कशी होती, सरळ की तिरपी. टॉवेल ओला होता का. मग त्या उठल्या. “मी विचारून बघते,” म्हणाल्या. “माझं सगळं ऐकतातच असं नाही.” जाताना त्या बाहेर जमलेल्या बायकांपाशी दहा मिनिटं थांबल्या, प्रत्येकीबरोबर फोटो काढू दिला, आणि जळगावला उशिरा पोहोचल्या.

पुढचं आम्हाला आबांनी सांगितलं. दिग्दर्शकाला टोपीची कल्पना आवडली. वाहिनीच्या लोकांना वाटलं, कळणार नाही. बाई म्हणाल्या, मी एकदा करून दाखवते, नाही कळलं तर फोटो लावा, मी काही बोलणार नाही.

ज्या दिवशी हे दृश्य घ्यायचं होतं, त्या दिवशी सकाळीच आबांचं मरण चित्रित होऊन गेलं होतं. त्यांचं काम संपलं होतं, कपडे बदलून ते निघायच्या तयारीत होते. बाईंनी त्यांना थांबवून घेतलं. “आबा, त्या खुंटीच्या शेजारी उभे राहाल? कॅमेऱ्यात दिसणार नाही तुम्ही. मला बघायला कुणीतरी हवं.”

आबा उभे राहिले. बाई रोजच्यासारख्या दोन कप चहा घेऊन आल्या. एक कप ठेवला, दुसरा द्यायला वळल्या आणि त्यांची नजर खुंटीवरच्या टोपीवर गेली. त्या थांबल्या. त्यांनी कप खाली ठेवला, पुढे आल्या आणि तिरपी झालेली टोपी एका बोटाने सरळ केली. संवाद एकही नव्हता. आबा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते.

“मी तठे उभा,” आबा आम्हाला सांगत होते. “ती मनाकडे देखी राह्यनी, नि मी नही शे असं देखी राह्यनी.” एवढं बोलून ते पाणी प्यायले. आयुष्यभर गर्दीत वावरलेला तो माणूस. आपण नसल्यावर कसं दिसेल ते त्याने पाहिलं होतं.

दृश्य एकदाच घेतलं. फोटोचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

आबा वारले तो भाग मायने पाहिला नाही. ती तेवढा वेळ मंदिरात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीचा, टोपीचा भाग मात्र तिने पाहिला, अगदी जवळ बसून. तो संपल्यावर टीव्ही बंद केला, आबांना वाढलं आणि ते जेवून उठेपर्यंत समोरून हलली नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी सकाळी एक म्हातारा आमच्या दारात आला. साक्रीकडच्या डोंगरातल्या एका गावाहून, दोन बस बदलून. कमरेला धुतलेलं धोतर, डोक्याला पांढरं फडकं. दार आबांनीच उघडलं. म्हातारा त्यांच्याकडे बघत उभा राहिला आणि मग उंबऱ्यावरच बसला.

“भाऊ, मी त तुम्हना दारवर उनू,” तो म्हणाला. आमच्याकडे कुणी गेलं की भेटायला जातात, त्याला दारावर जाणं म्हणतात. त्याच्या सुनेने शेजारच्या घरी टीव्हीवर पाहिलं होतं आणि घरात सांगितलं होतं की तो आपला साक्री गाडीचा कंडक्टर गेला. त्याच्या घरी टीव्ही नव्हता. त्याने बातमी ऐकली आणि निघाला.

आबांनी त्याला हात धरून आत आणलं, पाणी दिलं. म्हातारा रडत होता आणि हसतही होता. मग त्याने सांगितलं, तो का आला ते. त्याची एक मुलगी ऐकू न येणारी. ती साक्रीला शाळेत जायची. तिचा थांबा आला की कंडक्टर रोज जागेवरून उठून जायचा आणि तिच्या खांद्यावर दोन बोटं टेकवायचा. चार वर्षं. एकदाही चुकलं नाही. मुलगी आता शिवणकाम करते, तिला दोन मुलं आहेत. तीही येणार होती, पण धाकट्याला बरं नव्हतं.

आबांनी खूप आठवून पाहिलं. “माले याद नही, भाऊ,” ते शेवटी म्हणाले. खोटं बोलले नाहीत. म्हाताऱ्याला त्याचं काही वाटलं नाही. “तिले याद शे,” तो म्हणाला.

मायने त्याला जेवू घातलं. जेवताना त्याने आबांना मालिकेबद्दल पुष्कळ विचारलं. मेलेला माणूस कसा दाखवतात, श्वास कसा रोखून धरतात. आबांनी पाटावर बसल्या बसल्या डोळे मिटून दाखवलं, तर तो घाईने म्हणाला, नको, उघडा. हात धुवायला उठल्यावर तो मायकडे वळला. सुनेने त्याला टोपीचं दृश्यही सांगितलं होतं.

“ती टीव्हीमानी बाई गंज रडनी म्हनतस,” तो म्हणाला. “तिले आते कोन शे?”

माय ताटं उचलत होती. “मी शे ना,” ती म्हणाली. “दर आठवडाले फोन करस मी तिले.”

म्हाताऱ्याने मान डोलावली. मायने त्याच्या पिशवीत सुनेसाठी बिबडे घातले, आणि आबा त्याला दीडच्या गाडीत बसवून द्यायला स्टँडवर गेले.